पूजा मीच केली

माझ्या बायकोची पक्की समजूत आहे की मला काही लपवता येत नाही. ऑफिसात समोसा खाल्ला तरी तुमच्या तोंडावरून कळतं, म्हणते. समोसा कळत असेलही. पण एक गोष्ट मी तिच्यापासून — आणि सगळ्यांपासूनच — अशी लपवली आहे की तिला त्याचा वासही नाही. देवापुढे हात जोडतो तेव्हासुद्धा मन तेवढ्या जागेला वळसा घालून पुढे जातं. आज पहिल्यांदाच कुणाला तरी सांगायला बसलो आहे. तुम्ही मला ओळखत नाही, त्यामुळे सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये.

कुठून सुरू करू? माणसापासूनच करतो.

मी नाशिकचा. कतारमध्ये राहून आता केस पांढरे झाले. रास लफानला गॅस प्लँटवर नोकरी, उम्म सलाल मोहम्मदला एका व्हिलाच्या खालच्या मजल्यावर घर, बायको मेधा आणि बारावीतला मुलगा. रोज कंपनीच्या बसनं जाणं-येणं. त्या बसमध्ये माझ्या शेजारी सलीम नावाचा एक माणूस बसायचा. कॉन्ट्रॅक्टर कंपनीत प्लॅनिंग इंजिनिअर, कराचीचा. आम्ही मान डोलवायचो, हिंदीत हवेबद्दल दोन शब्द बोलायचो, आणि मग दोघंही झोपायचो. पाकिस्तानी माणसाशी त्याहून जास्त बोलायची मला गरज वाटली नव्हती — आता खोटं कशाला बोलू.

एकदा मी बसमधून मेधाशी फोनवर बोलत होतो. गणपती तोंडावर आले होते, आणि आमच्याकडे पूजा सांगणारे जोशीकाका कायमचे पुण्याला परतले होते. इथे देऊळ नाही, भटजी नाही. जे करायचं ते घरात, पडदे ओढून, आवाज बेतानं ठेवून. यूट्यूब लावून करू पूजा, मी म्हणत होतो, आणि मेधा म्हणत होती की यूट्यूबवर मध्येच जाहिरात लागते हो, प्राणप्रतिष्ठेच्या वेळी साबण विकायला लागले तर? फोन ठेवला तेव्हा शेजारचा सलीम हसत होता. मग आजूबाजूला कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात तो चक्क मराठीत म्हणाला, "मी सांगतो पूजा. थोडी इधर-उधर होईल, पण बाप्पा समजून घेईल."

मी त्याच्या गळ्यातल्या आयडीकडे बघत राहिलो. त्यावर सलीमच लिहिलेलं होतं.

त्याची हकिगत मला पुढच्या काही दिवसांत त्या बसमध्येच तुकड्यातुकड्यांनी कळली. पणजोबा रत्नागिरीकडून कराची बंदरात कामाला गेले आणि फाळणीत तिथेच राहिले. तिथे अशी थोडी मराठी घरं आहेत, हे मला, एवढ्या शिकलेल्या माणसाला, ठाऊकच नव्हतं. गणपती बसवतात, पुरणपोळ्या करतात, मराठी बोलतात आणि लिहितात मात्र उर्दू लिपीत. ह्याचे आजोबा त्या घरांमधून पूजा सांगायचे. हा शाळेत असताना गल्लीत कसलंसं भांडण झालं, घरावर जमाव आला, आणि त्या लोकांनी जे म्हणायला सांगितलं ते वडिलांनी जीव वाचवायला म्हटलं. त्या आठवड्यात सगळ्या घराची नावं बदलली. सदाशिवचा सलीम झाला — शाळेत, कागदांवर, पुढे पासपोर्टवर. "तिकडे एकदा गेलं की परत यायला रस्ता नाही, भाऊ," तो म्हणाला होता. "परत आलो एवढं नुसतं कळलं तरी खलास."

म्हणून बाहेर तो सलीम होता. शुक्रवारी खोलीतल्या दोस्तांबरोबर नमाजाला जायचा. ते दोस्त चांगले होते, त्यांच्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. लग्न केलं नव्हतं. सलीम म्हणून करू की सदा म्हणून, असं विचारायचा — हसत विचारायचा, त्यामुळे मीही हसायचो. कराचीत त्याची म्हातारी आई होती, आणि जगात त्याला सदा म्हणणारी तेवढी एकच व्यक्ती उरली होती. मग आम्ही म्हणायला लागलो.

त्या गणपतीत तो आला. बॅगेतून धोतर आणलं होतं, आमच्या बाथरूममध्ये बदललं. मोबाइलवर उर्दूत लिहून घेतलेली पूजा समोर ठेवली आणि असा आवाज लावला की मेधानं पळत जाऊन खिडकी नीट लागली आहे ना ते पाहिलं. संकल्पात त्यानं माझं गोत्र विचारलं, तेव्हा मी त्याला त्याचं विचारलं, तर ते त्याला माहीत नव्हतं. ज्याला माहीत नाही त्याचं कश्यप, असं आजोबांनी शिकवलं होतं म्हणाला. मला दर थोड्या वेळानं सांगायचा, "यजमान, पाणी सोडा." मी सोडायचो. माझं काम तेवढंच. मूर्तीत प्राण आणले ते त्यानं. आरती संपल्यावर तो बराच वेळ मूर्तीसमोर बसून राहिला, आणि मेधानं मला खुणेनंच सांगितलं की त्याला आत्ता हाक मारू नका. लहानपणानंतर त्याची ही पहिलीच पूजा होती.

त्यानंतर दर वर्षी तोच यायचा. मेधा त्याच्यासाठी मोदक वेगळे काढून ठेवायची. "वैनी, तुमच्या हातात आमच्या अम्माची चव आहे," असं काहीतरी बोलून तो दोन जास्त मिळवायचा. आमच्या ओळखीचे नाशिक-पुण्याचे लोक दर्शनाला यायचे, त्याला गुरुजी म्हणायचे. कराचीचा आहे हे हळूहळू सगळ्यांना कळलं. सगळ्यांना त्याचं फार कौतुक.

कौतुक! आपल्या लोकांचा हा एक रोगच आहे, नाही? एखादी गोष्ट आवडली की ती चारचौघांना दाखवल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. मला तर अजिबात पडत नाही. एका वर्षी आरती चालू असताना मी मोबाइल काढला. सदा धोतरात, कपाळाला गंध, हातात आरती, डोळे मिटलेले. मी तो व्हिडिओ आमच्या ग्रुपवर टाकला आणि वर लिहिलं — ‘आमचे कराचीचे गुरुजी’. त्याला विचारलं नाही. विचारायचं सुचलंसुद्धा नाही. ग्रुप घरचाच होता, सगळे ओळखीचे. अंगठे आले, हात जोडलेले आले. मी खूश झालो आणि जेवायला बसलो.

तुम्हाला पुढचं कळलंच असेल. कुणीतरी तो पुढे पाठवला — वाईट हेतूनं नाही, कौतुकानंच. त्यानं आणखी पुढे. महिन्याभरात तो कराचीतल्या त्याच्या गल्लीत पोहोचला. त्याच्या आईच्या दारात माणसं येऊन विचारायला लागली की तुमचा सलीम तिकडे काय करतोय. आईनं कपड्यांची पिशवी उचलली आणि बहिणीकडे जाऊन राहिली. तिथून तिनं सदाला फोन केला, आणि त्यात सांगायचं एवढंच होतं की तू इथे येऊ नकोस.

हे त्यानं मला बसमध्ये सांगितलं. तो चिडला नव्हता. फक्त म्हणाला, "ओरिजिनल तुमच्याकडे ठेवा, भाऊ. लागेल कदाचित." मी हो म्हणालो. घरी गेलो आणि ग्रुपवरून तो व्हिडिओ काढला, मग फोनमधूनही काढला. त्याच दिवशी. का? मला वाटलं, माझ्या घरातला, माझ्या हातचा पुरावा कशाला हवा. म्हणजे बघा, मला त्याच्या आधी माझी काळजी वाटली. तिथूनच सुरुवात झाली म्हणायची.

त्याच सुमारास त्याचा प्रोजेक्ट संपला. इथे नोकरी संपली की राहण्याची परवानगी संपते, आणि माणसानं आपल्या देशात परत जायचं असतं. त्याचा देश कोणता? एका मित्राच्या लग्नासाठी त्यानं पूर्वीच कॅनडाचा व्हिसा काढून ठेवला होता. तो तिकडे गेला आणि उतरल्यावर आसरा मागितला — धर्मामुळे माझ्या जिवाला धोका आहे, मला परत पाठवू नका.

अडचण अशी होती की पासपोर्टवर तो मुसलमान होता. कागद सगळे सलीमचे. सदा होता तो फक्त त्याच्या बोलण्यात. व्हिडिओची जी कॉपी त्याच्याकडे होती ती फिरून फिरून इतकी धूसर झाली होती की चेहरा धड ओळखू येत नव्हता, आणि वरचं माझं वाक्यही गेलेलं. ते घर कुणाचं, तो माणूस कोण, तो काय करतोय — हे सांगू शकणारा साक्षीदार हवा होता. त्यानं माझं नाव दिलं. दुसरं कुणाचं देणार?

साक्ष व्हिडिओ कॉलवर होती. तिकडची सकाळ, आपली संध्याकाळ. मेधा मुलाला क्लासहून आणायला निघाली होती, जाताना म्हणाली, "सगळं नीट सांगा हं, घाई करू नका." मी मुलाच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसलो. पडद्यावर चौकोन — निकाल देणाऱ्या बाई, सदाचा वकील, आणि एका कोपऱ्यात सदा. टाय बांधला होता त्यानं. मला बघून हसला.

आता इथे मला थांबावंसं वाटतंय. चहा करून यावा, असं. पण सांगतो.

त्या आधीचे काही दिवस माझ्या डोक्यात एकच चक्र फिरत होतं. आपण घरात माणसं जमवून पूजा करतो हे एका परदेशी सरकारच्या दप्तरी लिहिलं जाणार. ते इथे कळलं तर? माझा रेसिडेन्स परमिट, नोकरी, मुलाची शाळा? शिवाय माझा पासपोर्ट त्याच वेळी नूतनीकरणाला दिलेला. पाकिस्तानी नागरिक इतकी वर्षं घरी कसा येत होता, असं आपल्याकडच्या कुणी विचारलं तर? मला एकही माणूस काही बोलला नव्हता. इथे घरातल्या देवाबद्दल मला कधी कुणी हटकलं नव्हतं, आणि पासपोर्टही मुकाट्यानं नवा होऊन आला. पण चोराच्या मनात चांदणं. माझ्या भोवती कुंपण होतं ते मीच बांधत होतो, आणि आत बसून म्हणत होतो की बघा, मला बाहेर पडता येत नाही.

बाईंनी शांतपणे विचारलं, तुम्ही ह्यांना कसे ओळखता? मी म्हणालो, कामावरची ओळख, एकाच बसनं जायचो. कामावर त्यांचं नाव काय होतं? सलीम. ते नमाजाला जायचे का? हो, शुक्रवारी जायचे. तुमच्या घरी यायचे का? यायचे, सणावारी, पाहुणे म्हणून. व्हिडिओत आरती हातात धरलेले हेच का? मी म्हणालो, नीट दिसत नाहीये. आणि आमच्यात आरती कुणाही पाहुण्याच्या हातात देतात. ते धर्मानं हिंदू आहेत असं तुम्ही सांगू शकाल का? दुसऱ्याच्या मनातलं मी कसं सांगणार, मी म्हणालो.

नरो वा कुंजरो वा. एकेक वाक्य सुटं काढून बघा, बहुतेक सगळी खरी निघतील. इतकी खरी वाक्यं एकापुढे एक ठेवून एवढं मोठं खोटं रचता येतं, हे मला स्वतःबद्दल माहीत नव्हतं.

मग त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला. तुमच्या घरची पूजा ह्यांनी सांगितली का?

हो म्हणायचं होतं. एकाच शब्दाचं काम होतं, आणि त्या एका शब्दात सदाचा जीव होता — हे मला त्या क्षणी पूर्ण कळत होतं. कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

मी म्हणालो, "नाही. पूजा मीच केली."

कोपऱ्यातल्या चौकोनात सदानं चष्मा काढला आणि टायच्या टोकानं पुसायला लागला. कॉल संपेपर्यंत पुसतच होता. वर बघितलं नाही. त्यानंतर थोड्या वेळानं त्याचा मेसेज आला — शुक्रिया भाऊ, वेळ काढलात. टोमणा नव्हता तो. त्याला टोमणे मारता यायचे नाहीत. मेधा परत आली, पर्स खाली ठेवायच्या आधी तिनं विचारलं, काय झालं? सांगितलं सगळं, मी म्हणालो. तिनं देवापुढे साखर ठेवली.

अर्ज नाकारला गेला. अर्जदाराच्या स्वतःच्या साक्षीदारानंच त्याला दुजोरा दिलेला नाही, असं कारण लिहिलं होतं.

इथपर्यंतचं सगळं मी भीतीच्या नावावर खपवू शकलो असतो. त्या घटकेला घाबरलो, चुकलो, माणूस आहे. पण अजून संधी होती, आणि ती मला दिली गेली. अपील करण्याआधी त्याच्या वकिलाचा मला फोन आला. तरुण पंजाबी मुलगा होता, फार अदबीनं बोलला. म्हणाला, अंकल, गल्फमध्ये राहून बोलणं अवघड असतं, मला कळतं. तुम्ही एवढंच शपथेवर लिहून द्या की मी घाबरून तसं बोललो, आणि पूजा तेच सांगायचे. अपिलात ते घेतील. नंतर कोर्टात गेलं तर मात्र उपयोग नाही, कारण कोर्ट नवं काही ऐकत नाही. समोर जे आलं होतं त्यावर दिलेला निकाल समजूतदारपणाचा होता की नाही, एवढंच बघतं.

मी म्हणालो, देतो, इन्शाल्ला.

इथे ऑफिसात काम केलेल्या माणसाला त्या शब्दाचा अर्थ विचारा. ज्याला तोंडावर नाही म्हणायचं नसतं त्याला आम्ही सगळे — हिंदू, ख्रिश्चन, कुणीही — इन्शाल्ला म्हणतो. वकिलाला ते ठाऊक नव्हतं. तो खूश झाला, वाट बघत राहिला, दोनदा आठवण केली. मी एकदा म्हणालो प्लँटवर शटडाउन चालू आहे, दुरुस्तीच्या कामातून सवड नाही, एकदा म्हणालो तब्येत बरी नाही. सदाला त्यानं माझा निरोप जसाच्या तसा सांगितला असणार. सदा इथे राहिलेला होता. त्यानं मला एकदाही आठवण केली नाही.

मुदत उलटली. सांगायला लाज वाटते — मुदत उलटली त्या दिवशी मला हलकं वाटलं. सुंठीवाचून खोकला गेला, असं वाटलं. अपील फेटाळलं, आणि प्रकरण कोर्टात फेरतपासणीला गेलं.

कोर्टाचं कामकाज ऑनलाइन होतं आणि कुणालाही बघता यायचं. लिंक वकिलानंच पाठवली होती, बिचाऱ्यानं. मी नाव बदलून आत गेलो. वेळ आमची बस सुटायची होती, म्हणून कानात इअरफोन घालून रास लफानहून घरी येताना बसमध्येच ऐकलं. शेजारी एक फिलिपिनो मुलगा गाढ झोपला होता, बाहेर तीच ओसाड पिवळी जमीन मागे पळत होती. माझा माइक बंद, कॅमेरा बंद. मला बोलायचा अधिकारच नव्हता.

न्यायाधीश वयस्कर होते. आवाज मऊ होता, आणि ऐकताना मला जाणवलं की ह्या माणसाला सदाला मदत करावीशी वाटते आहे. ते वकिलाला वाट काढून देत होते. शेवटी त्यांनी कागद चाळले आणि म्हणाले, पण ह्या वाक्याचं मी काय करू? आणि त्यांनी माझं वाक्य वाचलं. इंग्रजीत, सावकाश. मग पुन्हा एकदा वाचलं, जणू दुसऱ्यांदा वाचल्यावर त्यातून काही वेगळं निघेल.

वकील म्हणाला, साक्षीदार घाबरलेला होता.

असं दाखवणारं काही आहे का माझ्यासमोर?

वकील थांबला. त्या थांबण्यात माझा कागद असायला हवा होता. बस सिग्नलला उभी होती. माझं बोट माइकच्या खुणेवर होतं — मी दाबत होतो, आणि पडद्यावर अक्षरं येत होती की होस्टनं तुम्हाला बोलायची परवानगी दिलेली नाही. मी पुन्हा दाबलं. खरंच बोललो असतो का? परवानगी नाही हे माहीत असल्यामुळेच तर बोट इतकं धीट झालं नव्हतं ना? ह्याचं उत्तर मला तेव्हाही देता आलं नाही आणि आताही देता येत नाही.

नाही, वकील म्हणाला. तसं काही नाही.

काही दिवसांनी निकाल आला. उपलब्ध साक्षीवरून आधीचा निर्णय अवाजवी म्हणता येत नाही. त्यात माझं नाव नाही. मी फक्त ‘साक्षीदार’ आहे. ‘अर्जदाराचा अनेक वर्षांचा स्नेही’ असंही एके ठिकाणी म्हटलं आहे.

सदाला परत पाठवलं. तो आता कराचीत आहे, पण स्वतःच्या गल्लीत नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला कुठेतरी, सारख्या खोल्या बदलत. आई गेली तेव्हा त्याला जाता आलं नाही. दाढी वाढवली आहे. हे मला कळलं ते त्यानंच पाठवलेल्या एका व्हॉइस मेसेजमधून. आवाज बारीक झाला आहे त्याचा, आमच्या खिडक्या हलवणारा तोच आवाज. म्हणाला, भाऊ, ठीक आहे मी, बाहेर कमी जातो, वैनींना काही सांगू नका, त्या उगाच रडतील. मी तो पुनःपुन्हा ऐकला. उत्तर दिलं नाही. काय लिहिणार? पुढे तो नंबर बंद झाला.

आणि वैनींना मी सांगितलं नाही. त्याच्यासाठी नाही — ती रडली असती, मग तिनं विचारलं असतं की असं कसं झालं, तुम्ही तर सगळं सांगितलं होतं. म्हणून निकालाच्या दिवशी तिनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, झालं त्याचं काम, राहू दिलं त्याला. तिनं मला जेवताना हातानं गोड भरवलं. नंतर काही महिने ती विचारायची, सदाभाऊजींचा फोन का येत नाही? नवीन देश, नवीन काम, मी म्हणायचो. हळूहळू तिनं विचारणं सोडलं, आणि थोडी दुखावली त्याच्यावर. माणसं वर आली की विसरतात, म्हणाली. तेही मी ऐकून घेतलं.

ह्या वर्षी गणपतीला घर भरलं होतं. पूजा मी मोबाइलवर लावली. मध्ये जाहिरात लागली, सगळे हसले. आरती झाल्यावर अल वक्र्याहून आलेल्या कुलकर्णीकाकूंनी विचारलं, तुमचे ते कराचीचे गुरुजी कुठे असतात हो आता? काय आवाज होता!

मी प्रसाद वाटत होतो. माझ्याआधी मेधाच बोलली. कॅनडात आहेत, म्हणाली, मजेत. तिकडे त्यांना आसरा मिळाला, कोर्टापर्यंत गेलं होतं प्रकरण. मग माझ्याकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "ह्यांनी साक्ष दिली ना, म्हणून झालं."

माणसं माझ्याकडे वळली. कुणीतरी पाठीवर हात ठेवला. कुलकर्णीकाकूंनी दोन्ही हात पुढे करून प्रसाद घेतला आणि म्हणाल्या, "एका माणसाचा जीव वाचवलात, फार मोठं पुण्य आहे हो हे."

"छे हो," मी म्हणालो. "त्याचं नशीब चांगलं."